रसवंती पावसाळ्यात दिसत नाही

‘चेनेज २१+४००, डावी बाजू. चिंचेचं झाड एक. बांधकाम नाही.’ जुलै २०२२ मधली ही माझ्या वहीतली नोंद. चेनेज म्हणजे रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर, इथे २१ किलोमीटर ४०० मीटर. अक्षर माझं, सही माझी. त्या चाळीस किलोमीटर रस्त्यावरच्या दुसऱ्या कुठल्याच ओळीने मला इतकं फिरवलं नाही, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

मी धुळे जिल्ह्यातली. घरात अहिराणी, शाळेत मराठी, एमएसडब्ल्यू केलं आणि दोनेक वर्षं इकडेतिकडे काढून एका सल्लागार कंपनीत ‘सामाजिक सर्वेक्षण पर्यवेक्षक’ म्हणून कंत्राटावर लागले. आमची दीड बिघा जमीन मी लहान असताना कालव्यात गेलेली. त्या नोटिशीचा कागद आईने अजून पत्र्याच्या पेटीत ठेवलाय. त्यामुळे भूसंपादन हा शब्द मला नोकरीत शिकावा लागला नाही. शिकावी लागली ती टेबलाच्या पलीकडची बाजू.

काम होतं तापीच्या दक्षिणेकडच्या एका राज्य मार्गाचं. गावांची नावं देत नाही, माणसं ओळखू येतील. साडेपाच मीटरचा उखडलेला डांबरी रस्ता सात मीटरचा करायचा, दोन्ही बाजूंना दीड-दीड मीटर पक्की साइडपट्टी, गावात गटार, जुन्या मोऱ्या मोठ्या करायच्या. पैसा परदेशी विकास बँकेच्या कर्जाचा. म्हणून आमच्या डोक्यावर नियमांची दोन पुस्तकं. एक २०१३ चा भूसंपादन कायदा, जो १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. दुसरं बँकेचं. आशियाई विकास बँकेचं तेव्हा लागू असलेलं २००९ चं धोरण घ्या किंवा जागतिक बँकेची २०१८ पासून लागू झालेली चौकट घ्या, एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे: ज्याच्याकडे जमिनीचा कागद नाही त्यालाही मोजा. जमिनीचे पैसे त्याला मिळत नाहीत, पण टपरीची किंमत आणि बुडालेल्या धंद्याची भरपाई मिळते. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला बसलेला माणूस म्हणजे अतिक्रमण, विषय संपला, अशी समज पक्की असल्यामुळे हे वाक्य सरकारी बैठकीत वाचून दाखवताना प्रत्येक वेळी कुणीतरी हसायचंच.

पहिला महिना हद्द शोधण्यात गेला. रस्ता नक्की किती रुंद आहे, हा प्रश्न सोपा वाटतो. बांधकाम खात्याच्या नोंदवहीत एक आकडा, गाव नकाशावर दुसरा, आणि जमिनीवर शेतकऱ्याने नांगर फिरवत फिरवत तयार केलेला तिसरा. हद्दीचे दगड निम्मे गायब. एक दगड तर आम्हाला गोठ्यात सापडला, म्हशीच्या दाव्याला. भूमी अभिलेखचा भूकरमापक आला की दोन्हीकडचे शेतकरी त्याच्यामागे चालायचे आणि त्याने खुंटी ठोकली की तिच्याकडे असं बघायचे, जणू खुंटी नव्हे पोटात खिळा ठोकलाय. एका आप्पांनी मला विचारलं, “ताई, तुम्ही रस्ता मोजी राह्यनात का आम्हले?” मी हसून वेळ मारून नेली. खरं उत्तर ‘दोन्ही’ असं होतं.

मोजणीनंतर डिझाइनवाल्यांशी भांडण. हे भांडण म्हणजेच नियोजन, असं माझं मत झालंय. पुनर्वसनाचा आराखडा लिहिण्याआधी पुनर्वसन करावंच लागू नये म्हणून रेषा हलवायची. पण रेषा ओढणारा इंजिनिअर संगणकावर वळणाची त्रिज्या बघतो आणि आम्ही त्या वळणावरचं घर बघतो. एका ठिकाणी मध्यरेषा तीन मीटर उजवीकडे सरकवली आणि सहा घरांचे ओटे वाचले. त्या सहाजणांना हे कधी कळलंही नाही. कळणार तरी कसं?

दुसऱ्या एका गावात प्रकरण एवढं सोपं नव्हतं. बाजारपेठेतून रस्ता इतका चिंचोळा की दोन ट्रॅक्टर समोरासमोर आले की एकाला मागे जावं लागे. आहे तिथेच रुंदीकरण केलं तर दोन्हीकडची दुकानं जाणार. ग्रामसभेत दुकानदारांनी आम्हाला धारेवर धरलं. मग पर्याय म्हणून गावाबाहेरून वळणरस्ता काढून नकाशा भिंतीवर लावला. पुढच्या सभेत तेच दुकानदार पुन्हा उठले. गाडी गावात थांबलीच नाही तर चहा कोण पिणार, पंक्चर कोण काढणार? आणि वळणरस्ता ज्यांच्या ठिबकवरच्या केळीतून जात होता ते शेतकरी मागच्या रांगेत गप्प बसलेले. त्यांना नकाशा वाचता येत होता, आमच्यापेक्षा चांगला. शेवटी वळणरस्ताच ठरला. बरोबर ठरलं का, हे मला आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. घरं वाचली, बागायत गेली, आणि ज्यांचं काहीच मोजलं गेलं नाही अशा दुकानांचा गल्ला पुढे हळूहळू उतरला.

आता जमीनवाले. इथे कागद असतो, म्हणून काम सोपं असेल असं वाटतं. सातबारा काढला की आजोबांचं नाव. आजोबा जाऊन वीस वर्षं झालेली, वारस नोंद नाही. वारस चौदा, त्यातले पाच सुरतेला. खान्देशातलं अर्धं गाव सुरतेला असतं, हे कुणाला वेगळं सांगायला नको. फोन केला की “दिवाळीला येतो” एवढंच. आमच्या टीममधल्या एका शिरपूरकडच्या मुलाने तोड काढली. म्हणाला, मॅडम, श्रावणात कानबाई आहे, तेव्हा बसा ना. कानबाई ही खान्देशातली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती बसते आणि रोटासाठी, म्हणजे तिच्या प्रसादासाठी, भाऊबंद कुठूनही घरी येतात. रोट भाऊबंदांनीच खायचा असतो. त्या रविवार-सोमवारी आम्ही तीन गावांत शिबिर लावलं आणि दोन महिन्यांत जमले नव्हते तेवढे वारस दोन दिवसांत एका ओट्यावर जमले. तलाठीही आले, कारण त्यांच्याही घरी कानबाई होती आणि ते गावातच होते.

त्याच ओट्यावर एक गोष्ट मला खुपली. लग्न झालेल्या बहिणींना बोलावलेलं होतं ते हक्कसोडवर सही करायला. “भाऊशी कशाला वाकडं घ्यायचं” म्हणत त्या सह्या करत होत्या. एकीने मात्र पेन हातात घेऊन विचारलं, किती रक्कम आहे? ओटा एकदम शांत. माझ्या कामात कुणाला सल्ला देणं बसत नव्हतं. मी फक्त रक्कम कशी काढतात ते मोठ्याने सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तिने सही केली नाही.

रक्कम काढायची रीत कायद्यात स्पष्ट आहे. मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला दर, किंवा मागच्या तीन वर्षांच्या आसपासच्या खरेदीखतांतल्या वरच्या निम्म्या खतांची सरासरी, यातलं जे जास्त असेल ते धरायचं. ग्रामीण भागात त्याला एक ते दोन यांच्यातल्या, राज्य सरकारने ठरवलेल्या गुणकाने गुणायचं. विहीर, झाडं, पाइपलाइन, बांधकाम यांची किंमत त्यात मिळवायची. आणि जो आकडा येईल तेवढीच आणखी दिलासा रक्कम. उदाहरण म्हणून हेक्टरी दहा लाख दर आणि गुणक दोन धरला, तर झाले वीस. दिलासा धरून चाळीस. शिवाय बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्के वेगळे. जमीनमालक वाटाघाटीने थेट खरेदी द्यायला तयार असेल तर राज्याच्या मे २०१५ च्या शासन निर्णयाने २५ टक्के जादा मिळतात, आणि प्रकरण वर्षानुवर्षं लोंबत नाही. त्यामुळे थोड्याथोडक्या पट्टीसाठी आम्ही आधी तीच वाट धरायचो.

ऐकायला चाळीस लाख मोठे वाटतात. पण पाया दहाचा कसा आला ते बघा. गावात जमीन विकली जाते एका भावाने आणि खरेदीखतात लिहिली जाते दुसऱ्याच भावाने, मुद्रांक वाचावा म्हणून. बाकीचे ‘वरून’. ती सवय सगळ्यांची, अगदी माझ्या मामांचीही. संपादनाच्या वेळी ती सवय उलटते. “बाजारात भाव पंचवीसचा आहे आणि तुम्ही दहा लावता?” म्हणून ओरडणाऱ्या एका जिभाऊंना मी त्यांचंच, मागच्याच वर्षीचं खरेदीखत दाखवलं. ते गप्प झाले. मलाही काही जिंकल्यासारखं वाटलं नाही.

असंच विहिरीचं. विहीर आहे, पाणी आहे, केळी उभी आहे, पण सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नाही आणि पीकपाहणीत कपाशी. कागदावर जमीन जिरायत. ई-पीक पाहणी नुकतीच मोबाइलवर आलेली, पण बहुतेकांनी ॲप उघडलेलंच नव्हतं. आम्ही गावोगाव सांगत सुटलो, आधी नोंद लावून घ्या, अधिसूचना निघाली की उशीर झाला. ज्यांनी ऐकलं त्यांचा फायदा झाला.

आणि पाइपलाइनी. कुठल्याही नमुन्यात या गोष्टीला रकाना नव्हता, मी तो हाताने आखला. विहीर रस्त्याच्या एका बाजूला, शेत दुसऱ्या बाजूला, आणि रस्त्याखालून गुपचूप टाकलेला पाइप. अशा पाइपलाइनी आम्हाला चाळीस किलोमीटरमध्ये इतक्या सापडल्या की मोजणारा मुलगा कंटाळला. जमीन एक इंचही जात नाही, म्हणून हा शेतकरी ‘बाधित’ यादीत नाही. पण जेसीबीने पाइप तोडला की मे महिन्यात त्याची बाग चार दिवसांत माना टाकते. परवानगी न घेता टाकलेला पाइप, म्हणून कुणी स्वतःहून सांगतही नाही. आम्ही चहाच्या टपरीवर बसून ‘कुणाचा पाइप कुठे’ हे गप्पांतून काढलं आणि प्रत्येक जागी रस्त्याखालून मोठा सिमेंटचा पाइप आडवा टाकून ठेवायची तरतूद अंदाजपत्रकात घालून घेतली. सगळ्या कामात मला अभिमान आहे तो एवढ्याच गोष्टीचा.

आता टपऱ्या. बिनकागदाच्या माणसांची गणना ज्या दिवशी सुरू होते, ती त्यांच्यासाठी कट-ऑफ तारीख. जमीनवाल्यांसाठी प्राथमिक अधिसूचनेची तारीख, यांच्यासाठी आमची वही. त्या दिवसानंतर उभं राहिलेलं काही धरायचं नाही. हे इतकं कडक का, ते पहिल्याच आठवड्यात कळलं. तारीख जाहीर झाल्याच्या रात्री एका फाट्यावर चार बांबू आणि हिरवी नेट उभी राहिली. सकाळी त्यात एक खुर्ची आणि खुर्चीत एक तरुण. “काय धंदा आहे?” विचारलं तर म्हणाला, “ठरायचा आहे.”

पद्धत अशी: दुकानासमोर मालकाला पाटी हातात धरून उभं करायचं, फोटो, टेपने लांबी-रुंदी, पत्रा की कूड, किती वर्षं बसता, दिवसाला गल्ला किती, घरात खाणारी तोंडं किती. मग खांबावर लाल रंगाने नंबर. या लाल रंगाची दहशत होती. नंबर पडला म्हणजे उद्या जेसीबी, असाच लोकांचा अनुभव. एका पंक्चरवाल्या भाऊने आम्ही वळताच फडक्याने नंबर पुसून टाकला. त्याला शेजारच्या सलूनवाल्याने समजावलं, नंबर नसेल तर पैसे नाहीत. तो धावत मागे आला, पुन्हा लिहा म्हणून.

गल्ल्याचा प्रश्न विचारला की सगळे आधी कमी सांगायचे, करवाल्यांच्या भीतीने. भरपाई त्यावर काढतात हे कळलं की पुन्हा बोलावून वाढवून सांगायचे. दोन्ही आकड्यांच्या मधे कुठेतरी खरं असायचं. मी दिवसाची साखर किती आणि दूध किती विचारून चहाचे कप मोजायला शिकले.

आठवडे बाजाराच्या गावांत आम्ही शहाणपणाने बाजाराच्या दिवशीच गेलो होतो. एकाच दिवशी बसणारे भाजीवाले, भांडी कल्हई करणारे, सगळे धरले. माझ्या डोक्यात आठवडा होता. वर्ष नव्हतं.

ग्रामपंचायतींमध्ये यादी लावली, हरकतींना मुदत दिली. मुदत संपायला चार दिवस असताना साठीतले एक बाबा कार्यालयात आले. धोतर, टोपी, हातात छत्री. यादी वाचून घेतली, पुन्हा वाचून घेतली. मग माझ्यासमोर बसून विचारलं, “मनं नाव शे का त्यामा?”

त्यांचा धंदा रसवंतीचा. होळीच्या सुमारास चिंचेखाली चरक लागतो, निळी ताडपत्री, दोन बाकडी, चरकाला घुंगरं. मृगाचा पाऊस पडला की चरक उचलून घरी आणि ताडपत्री कणगीवर. वीसेक वर्षं. मी जुलैत गेले तेव्हा चिंचेखाली चिखल आणि एक कुत्रं होतं. मी म्हटलं, बाबा, आम्ही मोजायला आलो तेव्हा तुम्ही तिथे नव्हता. ते माझ्याकडे बघत राहिले, रागाने नाही, मला काही साधं कळत नाही अशा नजरेने. म्हणाले, “पावसाळामा रस कोन पेस, माय?”

रात्री मी सगळ्या नोंदी पुन्हा काढल्या. जळगाव-धुळ्यासारख्या उन्हाच्या मुलखात रस्त्याकडेचा निम्मा धंदा उन्हाळ्याचा. रसवंत्या, तापीच्या वाळूतली टरबुजं आणून विकणारे, बर्फगोळा, माठवाले. आणि मी, ज्या मुलीने शाळेतून येताना घुंगरांचा आवाज ऐकून आईकडे पैशांचा हट्ट केला तीच मी, चाळीस किलोमीटरची गणना पावसात उरकून मोकळी झाले होते. वेळापत्रक वरून आलेलं होतं हे खरं. पण वेळापत्रकाविरुद्ध मी एक ओळही लिहिली नव्हती, हेही खरं.

वरिष्ठ म्हणाले, कट-ऑफ नंतर नाव घालायला सुरुवात केली तर खुर्चीवाला तरुणही येईल. मुद्दा चुकीचा नव्हता. पुरावा असेल तर पुरवणी यादी करता येते, एवढी फट नियमात होती. म्हणून मी पुरावा शोधायला निघाले. बाबांकडे वीजबिल नाही, चरक हाताचा. ग्रामपंचायतीची पावती नाही, कारण जागा ग्रामपंचायतीची नाही, बांधकाम खात्याची. उपग्रहाच्या जुन्या चित्रात एप्रिलमध्ये निळा ठिपका दिसतो, पण ठिपक्यावर कुणाचं नाव लिहिलेलं नसतं. रेशनकार्डावर ‘शेतमजूर’.

मग विचारलं, ऊस कुठून आणता? चोपड्याकडचा एक माणूस टेम्पोने टाकायचा. त्याच्याकडे गेले तर त्याने तेल लागलेली लांबट वही काढली. तारीख, मोळ्या, पैसे, बाकी. बाबांच्या नावाखाली मार्च ते जून, सलग पाच वर्षांच्या नोंदी. त्याआधीच्या वह्या उंदरांनी खाल्लेल्या. त्याच वहीत आमच्या रस्त्यावरच्या आणखी सहा रसवंत्या सापडल्या. त्या सहाजणांपैकी कुणीही हरकत घेतली नव्हती. यादी लागलीय हेच त्यांना माहीत नव्हतं.

वहीची छायाचित्रं, शेजारच्या पाच जणांच्या सह्यांचा पंचनामा, पोलीस पाटलांचा दाखला असं बाड करून तक्रार निवारण समितीपुढे ठेवलं. तिथे तासभर चर्चा झाली ती एका प्रश्नावर: वर्षातले चार महिने चालणाऱ्या धंद्याचं नुकसान बारा महिन्यांचं धरायचं की चार? २०१३ च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत विस्थापित कुटुंबाला महिना ३,००० रुपये वर्षभर आणि छोट्या दुकानदाराला एकदाच किमान २५,००० असे आकडे आहेत. प्रकल्पाचा भरपाईचा तक्ता त्याच धर्तीवर बेतलेला. चार महिन्यांवर तडजोड झाली. मी बारासाठी भांडले नाही. सात नावं आत जाणं मला जास्त महत्त्वाचं वाटलं. घरी येऊन हिशेब केला तेव्हा वाटलं, भांडायला हवं होतं. उरलेल्या आठ महिन्यांतही घरात खाणारी तोंडं तेवढीच असतात. टरबूजवाले तर यादीत आलेच नाहीत. ते दर वर्षी जागा बदलतात आणि त्यांची वही कुणाकडेच नव्हती.

माझं कंत्राट त्यानंतर संपलं. पुढच्या वेळी दुसऱ्या रस्त्याच्या कामाला लागले तेव्हा गणनेचे दोन फेरे लावून घेतले, एक पावसाळ्यात आणि एक चैत्रात. खर्च वाढतो म्हणून कुरकुर झाली, पण लावून घेतले.

मधे एका एप्रिलमध्ये त्या रस्त्याने अमळनेरला जाण्याचा योग आला. सात मीटर काळं डांबर, पांढऱ्या रेघा, गाडी सुसाट. चिंच गेली होती. तिच्या जागी गटार. पण थोडं पुढे, हद्दीच्या नव्या दगडापासून चांगलं पंधरा पावलं आत, एका शेताच्या बांधावर निळी ताडपत्री होती. जागेचं भाडं शेतकऱ्याला. सावली मात्र नव्हती, म्हणून बाकडी ताडपत्रीच्या आत ओढलेली.

बाबांनी मला ओळखलं. आलं-लिंबू घालून दोन पेले दिले, मी आणि गाडी चालवणारा. मी पैसे पुढे केले, त्यांनी मोजून घेतले, सुटे परत दिले. मग चरकाच्या खांबाला लटकवलेली लाल कापडी पिशवी काढली. आत एक कोरं करकरीत पावतीपुस्तक, कार्बनसकट. “पावती देऊ का?” म्हणाले, आणि माझं नाव विचारून पेन शोधायला लागले.